विळीची धार का टिकते: आठ माणसांच्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

आईची विळी तिच्या लग्नात आलेली आहे. सागाचा पाट, उभं काळपट पातं, टोकाला खोवणी. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात धारवाला सायकल घेऊन आमच्या गल्लीत आला की ती त्याच्या चाकावर जाते. मग वर्षभर तिच्यावर मेथी, गवार, सुरण, लाल भोपळा सगळं चिरलं जातं आणि आईची काही तक्रार नसते. त्याच स्वयंपाकघरात जपानमधल्या सेकी शहरातून आणलेली एक सुरी आहे. तिचं पोलाद विळीच्या पात्यापेक्षा कितीतरी कठीण. तिची धार मात्र तीन आठवडेसुद्धा टिकत नव्हती. असं का होतं हे कळायला मला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात एका बाईच्या अंगठ्याला तीन टाके पडले. म्हणून हे सगळं तपशिलात लिहून ठेवतो आहे.

घर आणि हत्यारं

निगडीला आमचं दोन मजली घर आहे, पण चूल एकच. आई, दादा आणि वहिनी, मी आणि माझी बायको, पुतणी, माझी दोन मुलं, अशी आठ माणसं. सकाळचा स्वयंपाक गेली नऊ वर्षं मावशी करतात. संध्याकाळी वहिनी आणि माझी बायको, ज्या दिवशी जी लवकर येईल ती. भांडी घासायला वेगळ्या बाई येतात. म्हणजे एका सुरीला दिवसभरात पाच-सहा जणांचे हात लागतात, आणि प्रत्येक हाताची सवय निराळी.

मी चाकणला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे कापायची हत्यारं आणि साचे तयार होतात त्या विभागात, काम करतो. धार, कोन, हार्डनेस हे माझे रोजचे शब्द. २०२२ च्या नोव्हेंबरात एका मशिनच्या चाचणीसाठी नागोयाजवळ गेलो होतो. तिथून सेकी जवळच आहे. पूर्वी तलवारींसाठी आणि आता सुऱ्या-कात्र्यांसाठी नावाजलेलं. तिथे ही सांतोकू, म्हणजे घरगुती वापराची जपानी सुरी, घेतली. पातं साडेसहा इंची, व्हीजी-१० पोलादाचं. या पोलादात एक टक्का कार्बन आणि पंधरा टक्के क्रोमियम असतं आणि कठिणता रॉकवेल या मापावर ६० च्या वर जाते. दुसरी मोठी सुरी जर्मनीतल्या झोलिंगनची, वहिनींच्या भावाने दिलेली. तिच्यात कार्बन निम्मा, कठिणता ५६ ते ५८. शिवाय प्लास्टिकच्या मुठीच्या दोन छोट्या सुऱ्या, त्या मावशींच्या. आणि विळी.

पहिल्या महिन्यात सांतोकूने पिकलेला टोमॅटो नुसत्या वजनाने कापला जायचा, पातं टेकवून ओढलं की झालं. जानेवारीत ती सालीवरून घसरायला लागली. मी फटीतून ओढायचं एक धारयंत्र आणलं, ज्यात कार्बाइडच्या दोन पट्ट्या इंग्रजी व्हीसारख्या बसवलेल्या असतात. त्यातून सुरी ओढली की चार दिवस बरं वाटतं. पण त्या पट्ट्या धार घासत नाहीत, ओरबाडतात. दर वेळी धातूची तार निघते आणि मागे फाटका काठ राहतो.

मेमध्ये दादाने घरच्या झाडाच्या सात-आठ कैऱ्या लोणच्यासाठी फोडल्या. कैरी फोडायचा मोठा अडकित्ता आमच्याकडे नाही, एरवी बाजारातूनच फोडून आणतो. त्याने सांतोकू कैरीवर ठेवली आणि पाठीवर वरवंट्याने ठोकलं. आत कोय धरलेली होती. धारेचे तीन टवके उडाले, सगळ्यात मोठा एक मिलिमीटरचा. कठीण पोलाद ठिसूळही असतं, ते वाकत नाही, तुटतं. त्या आठवड्यात धारवाला आला तेव्हा विळीबरोबर मी सांतोकूही त्याच्याकडे दिली. त्याचं चाक विळीसाठी अगदी योग्य आहे, ते कोरडं फिरतं आणि झटक्यात काम करतं. पण सांतोकूची धार कागदासारखी पातळ, ती तापली आणि टोकाकडच्या बोटभर भागावर निळसर झाक आली. पोलाद इतकं तापलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कठिणता जाते, मग तेवढ्या भागाला कितीही धार लावा, टिकत नाही. दोष त्याचा नाही. कुठलं पातं कुठल्या चाकावर द्यायचं हे मला माहीत असायला हवं होतं, माझा तो धंदा आहे.

त्या पावसाळ्यात मी पाण्यात भिजवून धार लावायचे दगड घेतले (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक): ४०० नंबरचा एक आणि एका बाजूला १०००, दुसऱ्या बाजूला ६००० असा जोडदगड. टवके आणि निळा पडलेला काठ घालवायला ४०० वर दोन रविवार गेले. हात बसला. सुरी पुन्हा नव्यासारखी झाली, आणि मला वाटलं की प्रश्न सुटला.

हरतालिकेचा सोमवार

२०२३ चे गणपती मंगळवारी बसणार होते. आदल्या रविवारी रात्री, सगळे झोपल्यावर, मी घरातल्या सगळ्या सुऱ्या काढल्या. गणपती-गौरीचा स्वयंपाक मोठा असतो, चिरायला खूप असतं, म्हटलं बायकांचं काम हलकं होईल. मावशींच्या दोन छोट्या सुऱ्याही घेतल्या. त्या इतक्या बोथट होत्या की अंगठा दाबून फिरवला तरी काही होत नव्हतं. दोन्हींना दगडावर धार लावली, पुसून जागेवर ठेवल्या आणि झोपलो.

सोमवारी हरतालिका. मावशी सकाळी सातला आल्या. त्यांचा स्वतःचा कडक उपास, आणि घरातल्या इतर उपासकऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी करायची होती. खिचडीत बटाटा घालायचा तर त्या पाट घेत नाहीत. बटाटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, आणि काचऱ्या अंगठ्याकडे ओढत थेट कढईत. नऊ वर्षं त्या असंच करतात. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि बटाट्यातून बाहेर आलेली सुरी अंगठ्यावर टेकली तरी काही होत नाही. अंगठाच तिचा पाट असतो. त्या सकाळी हाताने नेहमीचाच जोर लावला. सुरी बटाट्यातून लोण्यासारखी गेली आणि अंगठ्यात शिरली.

मी वरच्या मजल्यावर होतो. वहिनींची हाक ऐकून खाली आलो तेव्हा मावशी मोरीपाशी उभ्या होत्या, हाताला पंचा गुंडाळलेला, आणि म्हणत होत्या, "काही नाही भाऊ, गॅस बंद करा आधी, शेंगदाण्याचं कूट करपंल."

तीन टाके पडले. डॉक्टरांनी आठ दिवस हात पाण्यात घालू नका म्हणून सांगितलं. मावशी आणखी तीन घरांत स्वयंपाक करतात, आणि गणपतीचे दिवस. त्या आठ दिवसांचे चारही घरांचे पैसे आम्ही दिले, ते देणंच होतं. पण पैशाने ती सकाळ भरून निघत नाही. धारदार सुरी बोथट सुरीपेक्षा सुरक्षित असते असं सगळीकडे सांगतात. ते खरं आहे, पण ज्याच्या हातात ती आहे त्याला धार माहीत असेल तरच. मी रात्री गुपचूप एका माणसाचं हत्यार बदललं होतं. कारखान्यात कुणाच्या मशिनवरचं टूल न सांगता बदललं असतं तर मला मेमो मिळाला असता, आणि तो बरोबरच ठरला असता.

मावशी परत आल्या त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "धार लावली ती चूक न्हाई. सांगितलं असतं तर मी पाटावर कापलं असतं."

वहीतला आठवडा

तोवर मी एकच गोष्ट करत होतो. धार गेली की लावायची, आणि मनातल्या मनात घरच्यांवर चिडायचं. त्या प्रसंगानंतर ठरवलं की आधी धार जाते कुठे ते बघायचं. नवरात्र संपल्यावर एक आठवडा मी सुट्टी काढली होती, तेव्हा एक वही स्वयंपाकघरातच ठेवली. कोणी, काय, कशावर कापलं एवढंच लिहायचं. कुणाला टोकायचं नाही हा नियम स्वतःला घातला. रोज रात्री दोन्ही मोठ्या सुऱ्या दहापट भिंगाखाली धरायच्या.

बोथट हा एकच शब्द आपण वापरतो, पण भिंगाखाली तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. जर्मन सुरीची धार साडीच्या काठासारखी एका अंगाला दुमडलेली होती. धातू जागेवरच होता, फक्त वळला होता. सांतोकूची धार वळली नव्हती, तिला करवतीसारखे बारीक बारीक टवके होते. आणि मुठीजवळच्या भागात, जिथे सगळ्यात जास्त कापलं जातं, धार गोल झिजलेली होती. उजेडात धरली की तिथे बारीक पांढरी रेघ चमकायची. नीट लावलेल्या धारेचं टोक एक मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) आत असतं, त्याच्यावर प्रकाश थांबायला जागाच नसते. रेघ चमकली म्हणजे धार गेली.

वहीत मात्र मला जे अपेक्षित होतं ते सापडलं नाही. मला वाटत होतं की मुलं, भांडीवाल्या बाई, दादा, यांच्यापैकी कुणीतरी सुरी वाईट वापरतं. निघालं असं की आठवड्यातलं निम्म्याहून जास्त कापणं स्टीलच्या ताटलीत झालं होतं, आणि काही थेट ओट्यावर. सगळ्यांचंच, माझ्या बायकोचंही. ओटा ग्रॅनाइटचा. त्यातली खनिजं पोलादाइतकी किंवा त्याहून कठीण, क्वार्ट्झ तर नक्कीच. स्टीलचं ताट तितकं कठीण नाही, पण धारेच्या टोकाला वळवायला पुरेसं आहे. सांतोकू दर कापाला ताटलीवर आदळत होती, आणि आठ माणसांच्या दोन वेळच्या भाजीत असे हजारो आदळ होतात.

लाकडी पाट घरात होता. मीच आणलेला, बांबूचा, दीड फुटी. मग विचारलं की तो का नाही घेत. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्या पाटावर कांदा कापला की पपईला वास येतो. आणि तो सिंकमध्ये मावत नाही, धुवायचा कसा?" मावशींचं म्हणणं होतं की पाटावरची भाजी उचलून कढईत टाकताना निम्मी खाली सांडते, टोमॅटोचं पाणी ओट्यावर वाहतं, ताटली उचलली की सगळं एकदम कढईत. दोघींचंही बरोबर होतं. पाट धान्याच्या डब्यामागे उभा होता तो आळसामुळे नव्हे, गैरसोयीमुळे.

याच आठवड्यात एका संध्याकाळी मी दगड भिजत घालून बसलो होतो. आई समोर विळीवर चवळीच्या शेंगा चिरत होती. म्हणाली, "अरे, माझ्या विळीला का नाही लागत तुझा हा दगड?"

मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. पाय पाटावर, पातं उभं, दोन्ही हातांत शेंगांची जुडी, आणि जुडी पात्यावरून पुढे सरकते आहे. तुकडे खाली ताटात पडतात. पातं जागचं हलत नाही, आणि त्याच्या धारेला भाजीशिवाय दुसरं काहीही शिवत नाही. ना लाकूड, ना स्टील, ना दगड. विळीची धार हवेत असते. सुरी भाजी कापून झाल्यावर प्रत्येक वेळी कशावर तरी आपटते, विळी कधीच आपटत नाही. साध्या लोखंडाचं ते पातं वर्षभर पुरतं ते यामुळे.

धार तिची काही नाजूक नाही. चाकावरची ती खरखरीत धार असते, टोमॅटोची पारदर्शक चकती तिच्यावर होणार नाही. पण जशी लावली तशी राहते. शिवाय आई ती दुसऱ्या कुणाला फारशी देत नाही. काम झालं की स्वतः पुसते, आडवी करून कोपऱ्यात ठेवते, पावसाळ्यात पात्यावरून खोबरेलाचं बोट फिरवते.

अदलाबदल

आता दोन कारणं समोर होती. धार टिकते ती आपटत नाही म्हणून, की एकाच हातात असते म्हणून? घरात भांडण लागायचं असेल तर याच प्रश्नावर लागतं, कारण दुसरं कारण खरं मानलं की चांगली सुरी कुणा एकाची होते आणि बाकीच्यांना हात लावायची बंदी. मलाही तेच करावंसं वाटत होतं. सांतोकू माझ्या कपाटात ठेवू का, असं मी विचारलंही होतं. वहिनी म्हणाल्या, "कपाटात ठेवायची सुरी घरात हवीच कशाला?"

म्हणून करून पाहिलं. दोन्ही सुऱ्यांना एकाच रविवारी धार लावली. पुढचा महिना सांतोकू फक्त मी वापरायची, पण ताटलीत. जर्मन सुरी सगळ्यांनी वापरायची, पण लाकडावरच. दर शनिवारी वर्तमानपत्राचा कागद आणि टोमॅटो. सांतोकू दुसऱ्या शनिवारी कागदात अडकायला लागली आणि तिसऱ्या शनिवारी टोमॅटोवरून घसरली. पाच जणांच्या हातची जर्मन सुरी चौथ्या शनिवारी टोमॅटो कापत होती, मधे फक्त दोनदा धार सरळ करायच्या सळईवर ओढली होती. पोलादं वेगळी, कोन वेगळे, म्हणून पुढच्या महिन्यात उलट केलं: सांतोकू सगळ्यांना लाकडावर, जर्मन मला ताटलीत. सांतोकू सहा आठवडे चालली. जर्मन दहा दिवसांत गेली.

हात कितीही असोत, धार खालच्या पृष्ठभागाने जाते. निदान आमच्या घरापुरतं हे ठरलं, आणि त्या दिवसापासून सुरीवरून कुणाला बोलणं बंद झालं.

बांबूचा पाट काढून टाकला. बांबूत सिलिका असते, तो दिसतो लाकडासारखा पण धारेला कडक. साग सुद्धा नको. सागावर पटाशी लवकर बोथटते हे कुठलाही सुतार सांगेल. रबरवुडचे, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचे, दोन छोटे पाट आणले, दहा इंच बाय सात इंच, सिंकमध्ये आडवे बसतील एवढे. एकाच्या कडेला खाच पाडली, तो कांदा-लसणाचा. दुसरा फळांचा आणि बाकी भाजीचा. सांडण्याचा प्रश्न मावशींनीच सोडवला. त्यांनी पाट परातीत ठेवला. चिरलेलं परातीत पडतं, पाणी परातीत राहतं, आणि परात उचलली की कढईत. इतकी सोपी गोष्ट मला सुचली नव्हती.

बाकीचं थोडक्यात. पुतणी पार्सलं सुरीने फोडायची कारण कात्री कधी जागेवर नसायची. कात्री खिळ्याला टांगली. नारळ, लाल भोपळा आणि कोयीची कैरी यांच्यासाठी दादाने कोयता आणला. सुऱ्या खणात झारा-कालथ्यांबरोबर खडखडत होत्या, त्यांच्यासाठी भिंतीला फळीची खाचेची पट्टी ठोकली. सुरी ज्याने वापरली त्याने तिथल्या तिथे धुऊन पुसून खाचेत ठेवायची, खरकट्या भांड्यांत टाकायची नाही. तिथे कढईवर आपटून धार जाते ती जाते, पण फेसाखाली दडलेलं पातं भांडी घासणाऱ्या बाईंच्या हाताला लागतं हे त्याहून वाईट. फ्रिजवर नियमांचा कागद लावला होता तो आठवड्याने मीच काढला. कुणी वाचत नव्हतं, आणि पाहुण्यांसमोर मावशींना त्याची लाज वाटायची.

एक जुनी रीत मात्र आम्ही पुन्हा धरली. आई कधीच सुरी हातातून हातात देत नाही, खाली ठेवते आणि दुसऱ्याने उचलायची; हातात दिली तर भांडण होतं म्हणतात. लहानपणी मला ती नुसती समजूत वाटायची. आता माझी मुलंही तसंच करतात.

आणि लाल दोरा. धार लावली की त्या सुरीच्या मुठीला राखीसारखा लाल दोरा बांधायचा, दोन दिवस ठेवायचा. दोरा दिसला की हात सांभाळून, पाटावरच कापायचं. हे मावशींशी बोलून ठरलं. त्यांच्या दोन छोट्या सुऱ्यांना मी त्यांना विचारल्याशिवाय हात लावत नाही. एका सुरीला त्यांनी धार लावू दिली. दुसरी त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली आहे, हातात धरून काचऱ्या करायला. माझ्यातल्या टूलरूमवाल्याला ते पटत नव्हतं. पण हात त्यांचा आहे.

रविवारची सकाळ

धार आता महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सकाळी, सगळ्यांदेखत लागते. १००० चा दगड दहा मिनिटं पाण्यात, बुडबुडे थांबेपर्यंत. ओल्या फडक्यावर ठेवला की सरकत नाही. सांतोकूला मी प्रत्येक बाजूला १५ अंश देतो, जर्मन सुरीला २०. कोन डोळ्याने धरायला अवघड, म्हणून साइन बारचा, म्हणजे उंचीवरून कोन काढायचा टूलरूममधला हिशोब उपयोगी पडतो: पातं ४५ मिलिमीटर रुंद, तर १५ अंशासाठी पाठ दगडापासून साधारण साडेअकरा मिलिमीटर उचलायची, २० साठी साडेपंधरा. लाकडाची तेवढी पट्टी कापून ठेवली आहे, सुरुवातीला पाठीखाली धरून बघतो, मग काढून घेतो. धारेवर मार्करने काळी रेघ ओढली की दोन फेऱ्यांत कळतं: शाई वरच्या अंगाला राहिली तर पाठ जास्त उचलली गेली आहे, टोकाला राहिली तर कमी.

मग एका बाजूने घासत राहायचं, किती वेळा ते मोजायचं नाही. पलीकडच्या बाजूला बर उठेपर्यंत. बर म्हणजे धातूची अगदी बारीक उचललेली कड. अंगठा धारेच्या लांबीने नाही, पाठीकडून धारेच्या बाहेर ओढायचा. मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागतं. मुठीपासून टोकापर्यंत सलग लागलं की बाजू बदलायची. माझं सगळं अपयश इथेच होतं. टोकाकडे बर उठायच्या आधीच मी सुरी उलटी करायचो आणि तेवढा भाग बोथट राहायचा. १००० च्या दगडातले कण साधारण बारा मायक्रॉनचे, ६००० चे दोन. भाजीसाठी १००० वरची किंचित खरखरीत धारच जास्त चांगली, टोमॅटो आणि मिरचीच्या सालीत ती पकडते. ६००० वर मी फक्त बर उतरवण्यापुरते पाच-सहा हलके हात फिरवतो. शेवटी सुरी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीवर उलटी, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, ओढायची. दगडाला मधे खड्डा पडतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळी काचेवर २२० चा वॉटर पेपर ओला करून दगड सपाट करून घेतो.

सळई फक्त जर्मन सुरीला. तिची धार वळते, सळई ती सरळ करते. सांतोकू सळईवर घासली तर पुन्हा टवके उडतात.

कांद्याचा फरक मुलांनी आधी ओळखला. संध्याकाळी स्वयंपाकघरात डोळे चुरचुरणं कमी झालं. बोथट पातं कांद्याचा थर आधी दाबतं, दाब साठतो, आणि थर फुटला की रसाचे थेंब जोरात उडतात. २०२५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे वेगवान कॅमेऱ्याने टिपून दाखवलं. आमच्याकडे कोशिंबिरीतली काकडीही आता लगेच पाणी सोडत नाही, कारण ती चेचली जात नाही.

सगळं सुरळीत आहे असं नाही. पाहुणे आले की ताटली बाहेर येतेच. दिवाळीत फराळाच्या गडबडीत कुणीतरी सांतोकूने बर्फात गोठलेलं मटाराचं पाकीट फोडलं आणि एक टवका गेला. कुणी ते मी विचारलं नाही, पुढच्या रविवारी तो काढला.

गेल्या महिन्यात मावशींनी फडक्यात गुंडाळून घरची सुरी आणली. हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. लाकडी मूठ, तारेने आवळलेली, पातं घासून घासून अर्धं झालेलं. मऊ लोखंड, १००० वर दहा मिनिटांत धार आली. सोबत एक छोटा पाट दिला, आणि मुठीला लाल दोरा बांधला. त्यांनी विचारलं किती दिवस ठेवायचा. मी म्हटलं, दोन.

"चार ठेवते," मावशी म्हणाल्या. "घरी सून नवी आहे."